कावळ्यानं ठरवलेलं लगीन

अहो पुष्पीचे बाबा,

काल तेरणेकाठी तुमचा दहावा झाला आणि आज मी हे लिहायला बसले. दुसरीकडं राग काढायला जागाच नाही. भिंतीपलीकडं थोरल्या जाऊबाई, ओसरीवर भेटायला आलेले पाहुणे. आणि ज्याच्यावर राग आहे तो माणूस तर निघून गेला!

काल पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करायला लागले. तुमच्या मनात काय राहिलं ते ओळखायला जो तो पुढं झाला. कोणी म्हणालं, विहिरीचं काम पुरं करू. कोणी म्हणालं, तुळजापूरला जाऊन येऊ. कावळे आपले बाभळीवर गप्प. मग तुमचे थोरले बंधू हात जोडून म्हणाले, "बाबू, पुष्पीचं लगीन औंदाच करतो. जळकोटचं ठिकाण हाय. काळजी करू नगंस." आणि मेला कावळा नेमका तेव्हाच खाली उतरला!

"शिवला, शिवला!" म्हणत सगळ्यांनी डोळे पुसले. लांब बसलेल्या बायकांत मी तोंडात पदर धरून बसले होते.

मॅट्रिक झाली की पुष्पी धाराशिवला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाईल, हे चुलीपाशी बसून तुम्हीच ठरवलं होतंत ना? मग भावासमोर एकदा तरी का बोलला नाहीत? शाळेत लढाया शिकवताना तुमचा आवाज देवळापर्यंत यायचा. दादा ओसरीवर आले की तोच माणूस मुका! आता तुमची इच्छा काय होती ते कावळा सांगतोय.

आणि तुमच्या त्या इतिहासाबद्दलही बोलायचंय. रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून बार्शीकडं निघालो होतो. पुष्पी माझ्या कडेवर, पायांत काटे. तुम्ही सांगत होतात, रायगडाला वेढा पडला, छत्रपती निसटून पार दक्षिणेत जिंजीला गेले, पण राज्य बुडालं नाही. खोटं कशाला बोलू? त्या गोष्टीच्या बळावर मी चालले.

पण आपला तान्हा तापानं गेला तेव्हा? तेव्हाही तुम्हाला पानिपतच आठवलं! एवढी माणसं गेली तरी मराठे पुन्हा उभे राहिले, म्हणालात. मला पानिपत नको होतं हो! माझ्याजवळ बसून रडणारं माणूस हवं होतं. ज्यांची माणसं परत आलीच नाहीत, त्या बायका कशा उभ्या राहिल्या, हे होतं का तुमच्या पुस्तकात?

आज सकाळी मी दादांपुढं गेले. डोक्यावर पदर होता, पण मान खाली घातली नाही.

"भावजी, पुष्पी मॅट्रिक झाली. म्या तिला धाराशिवला धाडणार हाय. ह्यांच्या मनात त्येच व्हतं."

"मग कावळा खोटा व्हय?"

"त्यो उपाशी व्हता, भावजी. खाली भात व्हता."

जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. दादा लाल झाले. "मंग रानातला दाणा ह्या घरात येणार न्हाय!"

"नगा आणू. आमच्या वाट्याचं नदीकाठचं रानबी तुमीच वाहा. पर पोर देणार न्हाय."

आत येऊन बसले. मग तुमचा पुरंदरचा तह आठवला. महाराजांनी तेवीस किल्ले दिले, पण राजगड दिला नाही. हे मला शिकवलंत, मग तुम्हाला स्वतःला का जमलं नाही? माझा जीव जळतो तो यानंच.

विधवेनं वर्षभर उंबरा ओलांडू नये म्हणतात. मी ओलांडणार. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं पोरीला घेऊन धाराशिवला जाते. पुष्पी मास्तरीण होईल, हा माझा शब्द. तो मी तुम्हाला जागेपणी देतेय, कुठल्या पाखराच्या साक्षीनं नव्हे.

मघाशी तिनं हळूच विचारलं, "आई, काका गाडीम्होरं हुबं ऱ्हायले तर?"

म्हटलं, "ऱ्हाऊ दे. म्या त्यांच्या पाया पडीन. त्यांचा आशीर्वाद देऊन होईस्तवर तू गाडीत चढून बस."

तुमच्यावर अजून रागावलेली,
सुभद्रा