दुसरी हाक

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आलो एकदाचा. मालकीण फ्राउकेबाईंनी दार उघडायच्या आतच वाटाण्याच्या सुपाचा वास आला, तेव्हाच ठरवलं की इथं आपलं जमणार. खोली बांधाकडच्या बाजूला मिळाली आहे. खिडकीतून बांध दिसतो, त्यावर मेंढ्या. पलीकडे समुद्र असायला हवा, पण ओहोटी होती, त्यामुळे नजर जाईल तिथवर चिखल.

एकतीस वर्षं बाजारात करंदी विकली. सुरुवातीला थोरल्या भावाचा कोट अंगावर आणि उसनी हातगाडी. गाळा विकला तेव्हा पदरी चार माणसं होती. आता एकसष्टाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी, तीही बसण्याची! सकाळी दहाला पाहुणा ट्रफल चावून खातो. म्हणजे जमिनीखाली धरणाऱ्या, अळंबीच्या जातीच्या, खाल्ल्या की भलतंसलतं दिसायला लावणाऱ्या गाठी. आमच्याकडे कायद्यानं मोकळ्या आहेत. मग डोळ्यांवर पट्टी बांधून गादीवर आडवा होतो आणि चारपर्यंत जिथं जायचं तिथं जाऊन येतो. सोबत्यानं, म्हणजे मी, शेजारच्या खुर्चीत बसायचं. मागितला तर हात द्यायचा. पाहुणा बोलेल ते लाल वहीत उतरवायचं आणि पाचला सूप वाढताना ते पान फाडून त्याला द्यायचं. विचारायचं मात्र काही नाही. हे बाईंनी तीनदा बजावलं. छत्तीस वर्षं मनोरुग्णालयात नर्स होत्या, त्यांना बजावायची सवय आहे.

गावातल्या लूर्ट पाववाल्याला बातमी आधीच लागली होती. म्हणाला, वेड्यांच्या हॉटेलात लागलास म्हणे एप्पो. इतके दिवस करंदी सोललीस, आता डोकी सोल! मी म्हटलं, तुझं सोलायला वेळ लागणार नाही, आत फारसं काही नाही.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

पहिला पाहुणा योरिस, उत्रेख्तचा शाळामास्तर. मुलगा गेल्याला सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून हा रडलेला नाही. अकराला सुरू झाला तो दीडपर्यंत रडत होता. माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. पाचला तीन वाट्या सूप प्यायला आणि स्वतःच हसला.

गिऱ्हाईक काय न्यायला आलंय ते मला त्याच्या पायरवावरून कळतं. ही माणसं गाठी न्यायला येत नाहीत. आपल्याजवळ कुणीतरी दिवसभर बसावं, घड्याळ बघू नये, मध्ये बोलू नये, यासाठी येतात. आपल्या देशात डॉक्टर दहा मिनिटं देतो आणि मुलगी ख्रिसमसला फोन करते. मी तरी इथं का आलो? घरी दिवसचे दिवस माझाच आवाज ऐकत नव्हतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. तीनच्या सुमाराला योरिस एकदम सपाट आवाजात म्हणाला, पिवळा रेनकोट घातलेली एक बाई चिखलातून चालतेय, लांब आहे अजून. सुपाच्या वेळी पान वाचलं तेव्हा ती ओळ बोटानं दाखवून म्हणाला, ही माझी नव्हे.

या किनाऱ्यावर पिवळा रेनकोट कुणाकडे नाही? गेस्केकडेही होता. माझी बायको. चार वर्षांपूर्वी आम्ही शिंपल्या वेचायला आलो होतो. ती चिखलात पुढे गेली, मी बांधावर गाडीत कॉफीचा थर्मास घेऊन बसलो. धुकं आलं, मग भरती. ती सापडली नाही. वारा असा होता की मला काही ऐकू आलं नाही. पोलिसांना मी तसंच सांगितलं आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

डिनी, झ्वोल्लेची विधवा, बेकरी होती तिची. साधी, गप्पिष्ट बाई. गाठी चावताना म्हणाली, चवीला जुन्या अक्रोडासारख्या आहेत. माझ्या दुकानात असल्या विकल्या असत्या तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकल्या असत्या. हसलो दोघं. दुपारपर्यंत ती नवऱ्याशी भांडत होती, मजेत.

मग तोच सपाट आवाज. पिवळी बाई आता काटक्यांच्या कुंपणापाशी पोचली आहे. एका पायात बूट नाही.

चिखल अडवायला, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या जागेवर काटक्यांची कुंपणं घातलेली आहेत. गेस्केचा डावा बूट त्यातल्याच एकात अडकलेला मिळाला होता. पोलिसांनी तो फक्त मला दाखवला. पेपरात आला नव्हता.

पान डिनीला दिलं नाही. सांगितलं, आज तुम्ही फारसं बोललाच नाहीत. ती हिरमुसली.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

कोर. हारलेमचा निवृत्त ट्रामचालक. सकाळपासून मी त्याचं ऐकतच नव्हतो, त्या आवाजाची वाट बघत होतो. दोन वाजून गेल्यावर आला. बाई बांधावर चढलीय. मेंढ्यांच्या फाटकापाशी उभी आहे.

आणि मी विचारलं. नियम मोडला. कानाशी वाकून विचारलं, कशी आहे ती?

कोरनं पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडे वळवलं. म्हणाला, ती विचारतेय, कॉफी संपली का.

रविवार, १५ ऑक्टोबर

फ्राउकेबाईंना वहीतली फाडलेली पानं दिसली. रागावल्या नाहीत. मी बूट आणि रेनकोटाचं सांगितलं, कॉफीचं नाही. त्या म्हणाल्या, पाहुणे त्या वेळी सताड उघडे असतात एप्पो, खोलीत जे असेल ते त्यांना लागतं. ते तुला ऐकताहेत. मग म्हणाल्या, एकदा तू गादीवर नीज, खुर्चीत मी बसते. जे आहे ते मोठ्यानं बोलून टाक. इतक्या लोकांना उपयोग होतो, तुला का नाही व्हायचा?

मी म्हटलं, मिठाईवाल्यानं मिठाई खायची नसते. त्या हसल्या नाहीत.

बुधवार, १८ ऑक्टोबर

बाईंना ग्रोनिंगनच्या इस्पितळात नेलं. कंबरेच्या ऑपरेशनची तारीख अचानक मिळाली. घर तीन आठवडे बंद. जाताना माझं मनगट धरून म्हणाल्या, कपाटात गाठी उरल्यात, एकट्यानं खायच्या नाहीत. तुला सोबत हवी आहे, गाठी नव्हेत.

पाहुणे नाहीत. ती कुठवर आली हे सांगणारं कुणी नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

सांगायची गरज पडली नाही. सकाळी ओहोटी लागल्यावर ऐकू आलं. चुपक्. मग नुसतंच पाऊल. चुपक्. बूट चिखलातून निघतो तो आवाज, पण एकाआड एक. एकाच पायात बूट.

बांधावर जाऊन आलो. मेंढ्या सगळ्या एका बाजूला सरकलेल्या. फाटक उघडं. मी लावलं.

रविवार, २२ ऑक्टोबर

लूर्टकडे गेलो, उगाच, माणसाचा आवाज ऐकायला. म्हणाला, चेहरा काय झालाय तुझा, स्वतःच खाल्लंस की काय? सांगणार होतो. मागे रांग होती. पाव घेतला नि आलो.

त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. गाडीतच. मी तिच्या बोलण्यात बोललो, नेहमीसारखा. ती म्हणाली, तुला अख्ख्या बाजाराचं ऐकू येतं एप्पो, माझं तेवढं येत नाही. आणि रेनकोट घालून उतरली.

वारा नव्हता. धुक्यात वारा कुठून असणार? पोलिसांनाही सुचलं नाही.

सोमवार, २३ ऑक्टोबर

अंगणात. फरशीवर आवाज वेगळा येतो — ओला. दुपारचे दोन. लख्ख ऊन. कुणी दिसत नाही.

दारापाशी पायपुसण्यावर चिखल. एकाच पायाचा.

इस्पितळात फोन केला. बाईंना भूल दिलेली. उद्या करा म्हणाले.

उद्या —

मंगळवार, २४ ऑक्टोबर

सकाळी दहा. चहाबरोबर खाल्ल्या. जुन्या अक्रोडासारख्या, डिनी म्हणाली तशाच. गादीवर आहे. पट्टी बांधली नाही, लिहायचंय. खुर्ची रिकामी.

अकरा. छताची लाकडं श्वास घेताहेत. भीती नाही. योरिसला असंच झालं असेल. त्याच्याजवळ मी होतो.

दार — लावलं होतं.

चुपक्. जिन्यावर. मग पाऊल.

खुर्ची करकरली. मी बसलो की करकरते तशी. तिकडे बघत नाही. खाऱ्या चिखलाचा वास. पिवळं काहीतरी, डोळ्याच्या कडेला.

हात पुढे केला. धरला. गार, ओला, वाळूचा. ती काही विचारत नाही. सोबत्यानं विचारायचं नसतं. बसली आहे नुसती. चार वर्षं कुणी इतकं —

सांगतो. गेस्के, सांगतो. ऐकलं होतं. दोन्ही वेळा. एप्-पो, तू बाजारात मारायचीस तशीच. पहिल्या हाकेला मी कॉफी ओतत होतो. म्हटलं, येऊ दे तिची तीच, जिरू दे. आणि दुसऱ्या हाकेला, हात सोडू नकोस, दुसऱ्या हाकेला मी गाडीची काच वर के