कॅनचं झाकण

दादा,
तुझा फोन लागंना. पाण्याचा कॅन आणताना अण्णा मुकुंदवाडी स्टेशनपाशी सायकलवरून पडले. मी गाडी काढली, तर ती वाटेतच तापून बंद पडली. शेवटी रिक्षानं दवाखान्यात नेलं. अजून शुद्धीवर नाहीत.

गॅरेजवाला म्हणाला, डॅशबोर्डच्या आतला हीटर फुटलाय, इंजिन थंड ठेवणारं कूलंट तिथूनच मॅटवर गळतंय. म्हणजे अण्णा गाडीतून पाणी आणायचे तेव्हा कॅन कधी सांडलाच नव्हता. अन् मॅट ओली दिसली की आपण अण्णांवरच खेकसायचो, झाकण नीट लावत नाय म्हणून. तेव्हापासूनच ते सायकलवर पाणी आणायला लागले.

गाडी राहू दे, तू लवकर ये.

कॅन ओट्यावर ठेवलाय. झाकण अण्णांनी सुतळीनं आवळून बांधलंय. एवढे पडले, पण थेंबभर सांडलं नाय.

विशाखा