पैकीच्या पैकी गुण

२४ नोव्हेंबर
सकाळीच वर्ध्याहून गोंदियात उतरले. मुर्रीत खोली मिळाली, खिडकीसमोर कापलेल्या धानाची मोकळी शेतं. मन एकदम हलकं झालं. बालसंरक्षणातली पहिली नोकरी आणि पाहणीसाठी मिळालेलं पहिलंच घर. त्या घरातली मुलगी सोनिका, वय सहा. अंगावर डागल्याच्या खुणा सापडल्या म्हणून चार महिने बालगृहात होती, महिन्यापूर्वी आईबापाकडे परत दिली. ते तिच्याशी कसे वागतात हे मी बसून पाहायचं, गुण द्यायचे. बाप तिलक, त्यानं मला पोहे दिले, पण पहिला घास लेकीला भरवला. आई तुलसा वेणी घालत होती. पैकीच्या पैकी दिले.

२७ नोव्हेंबर
तोच घास. तीच वेणी. तिलकचा विनोदही तोच, आणि सोनिका त्याच जागी हसली. हसण्याआधी तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं.
गुण खोडले.

१ डिसेंबर
न कळवता भरदुपारी गेले. तिलक अंगणात दोर वळत होता. तुलसा कणीक मळत होती, मान वर केली नाही. आतून बारीक आवाज येत होता. "बाबा मले लय आवडते. बाबा मले लय आवडते." धानाच्या कोठीतून. झाकणावर पाटा ठेवलेला!
तिलक हसला. "लपाछपी खेळून राहिली जी पोरगी. तुमी काऊन घाबरता?"
पाटा ढकलला. सोनिका बाहेर आली, घामानं निथळत. मला बघून पुन्हा तेच वाक्य म्हणाली.

३ डिसेंबर
ऑफिसातले साहेब म्हणाले, पोरं कुठंही लपतात, 'समाधानकारक' लिहा. नाही लिहिलं. अहवाल थेट बालकल्याण समितीकडे दिला.
संध्याकाळी तिलक माझ्या खोलीच्या खिडकीसमोर उभा. मी कधी झोपते, कधी उठते, सगळं सांगितलं त्यानं. पडदा ओढला नाही. त्याच्याकडे बघत जेवले.

४ डिसेंबर, सकाळ
आदेश आला. मुलीला आजच हलवायचं. पोलिसांची गाडी निघतेय म्हणतात. तुलसाचा निरोप आला, लवकर या. गाडीसाठी थांबत नाही.

दुपार
त्यांच्याच घरी, आतल्या खोलीत आहोत. फोन तिलकनं हिसकावला. कडी आतून लावली. सोनिका माझ्या मांडीवर —
तो ओरडत नाही. गोड आवाजात लेकीला हाक मारतो. मग दारावर पहारीचा घाव. मग पुन्हा हाक.
तुलसा दाराला पाठ लावून बसली आहे. आज पहिल्यांदा बोलली. "लिवा मॅडम. कोठीत मीच कोंबत होती तिले, त्याच्या भेवानं. थेही लिवा."
लिहिलं.
वेळ टाका म्हणते. दोन वीस.
वरची बिजागरी गेली — गाडी? नाही, राइस मिलचा भोंगा —
सोनिकाला घेऊन मीही तुलसाशेजारी दाराला टेकले. उठणार नाही. तिघीही. ज्याला ही वही सापडेल त्यानं वाचावं, हे करणाऱ्याचं पूर्ण नाव, तिलक मनीराम —