नजर पडद्याबाहेर

४ सप्टेंबर

मिळाला! सर्वसमावेशक अध्यापनाचा सन्मान – मला. संचालकांनी खोलीत बोलावून सांगितलं, वर उभं राहून टाळ्याही वाजवल्या. सव्वीसला कार्यक्रम, चाळीस मिनिटांचं भाषण.

घरी येऊन दादाला सांगितलं. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, त्यात मोठा भाऊ. कौतुक करेल तर शपथ! म्हणाला, "छोटे, तुझ्या मागच्या भाषणात 'सर्वांसाठी' हा शब्द एकोणीस वेळा होता. या वेळी दहावर आण." छप्पन्न वर्षांची छोटी मी. हसू आलं.

उद्या पोर्टलवरची मुलांची जुनी पत्रं चाळायची. आभाराची दोन-चार भाषणात वाचून दाखवता येतील.

५ सप्टेंबर

सापडायला नको होतं ते सापडलं.

तीन वर्षांपूर्वीचं पत्र. ऑनलाइन परीक्षेच्या आठ दिवस आधीचं. शब्द न् शब्द उतरवून ठेवते, म्हणजे नंतर सोयीचा बदल करता येणार नाही –

"मॅडम, जन्मापासून माझी बुबुळं स्थिर राहत नाहीत, सतत हलतात. मान डावीकडे वळवली की जरा कमी हलतात, म्हणून मी तशीच वाचते. परीक्षेचा कॅमेरा याला कॉपी समजेल का? डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. काय करू ते कळवाल का?"

खाली तिचं नाव. मी कळवलं नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे – मी ते वाचलं होतं. आठवतंय मला. बैठकीला निघाले होते, एका हातात फायली, दुसऱ्या हातात फोन. वाचलं, 'संध्याकाळी बघू' म्हटलं. कुठली संध्याकाळ? तीन वर्षं झाली त्या संध्याकाळला!

६ सप्टेंबर

सगळं लिहून काढते. डोक्यात ठेवलं तर कुठेतरी रंगसफेदी होईल.

परीक्षेवर नजर ठेवणारं ते सॉफ्टवेअर मी आणलं. मुलं घरी बसून पेपर देतात, कॅमेरा त्यांचे डोळे बघतो, डोळे भरकटले की नोंद करतो. त्यावर मी निबंध लिहिला, तीन परिषदांत वाचला. त्यातलं माझं लाडकं वाक्य : 'एकाही विद्यार्थ्याची गैरसोय झाल्याची तक्रार नाही.' तक्रार माझ्याच फोनमध्ये होती.

तिच्या पेपरात नोंद झाली – नजर पडद्याबाहेर, एक्केचाळीस वेळा. गैरप्रकार समिती बसली. अध्यक्ष कोण? मीच. ती समोर बसली होती, मान जरा डावीकडे. मला वाटलं, नजर चुकवतेय! अपराधी माणसं चुकवतात तशी.

ती म्हणाली, "मी आधीच पत्र लिहिलं होतं."

"कोणाला?"

"तुम्हाला."

मी म्हटलं, "आमच्याकडे तशी नोंद नाही."

तेव्हा मला ते पत्र आठवत होतं का? गेले दोन दिवस स्वतःला हेच विचारतेय. खरं उत्तर – काहीतरी मनाला चाटून गेलं होतं, आणि मी तिकडे वळून बघितलं नाही. पुढची सुनावणी खोळंबली होती. आमची आवरायला वीस मिनिटंही लागली नाहीत.

निकाल रद्द, दोन वर्षं परीक्षेला बंदी. सही माझी – गोल, ठसठशीत. ती नंतर परतलीच नाही. आमच्या वार्षिक अहवालात ती 'वैयक्तिक कारणास्तव शिक्षण सोडलेले' या रकान्यात आहे. तो रकानाही मीच आखलेला.

८ सप्टेंबर

भाषण : शून्य ओळी.

१० सप्टेंबर

आज गेले तिच्याकडे. कार्यालयाच्या जुन्या नोंदीत पत्ता होता.

वडिलांचं शिलाई मशिन दुरुस्तीचं दुकान आहे. एवढंसं. भिंतीवर मशिनची चाकं, पट्टे, पाय टांगलेले, तेलाचा वास. ती स्टुलावर बसून मशिनच्या पोटात हात घालून काहीतरी जुळवत होती. डोळे मिटून! बोटांनीच. वडील म्हणाले, "बारीक कामं हिच्याकडेच. मला चष्मा लावूनही जमत नाही, ही न बघता करते."

मला बघून ती उठली नाही. ओळखलं मात्र लगेच. "या मॅडम," म्हणाली.

वडिलांची धांदल उडाली. "तुम्ही स्वतः आलात? अहो, निरोप पाठवला असता तर पोरीला घेऊन मीच आलो असतो!" खुर्ची पुसली. पाणी आणलं. समितीची अध्यक्ष मी होते हे त्यांच्या गावीही नसावं. तिनं घरी माझं नाव सांगितलंच नाही की काय?

मी म्हटलं, "तुझ्यावर अन्याय झाला. मी तो निकाल बदलून घेणार आहे."

तिनं हात पुसले. मग शांतपणे विचारलं, "माझं पत्र मिळालं होतं का मॅडम तुम्हाला?"

सरळ प्रश्न. 'हो' म्हणायचं होतं. रस्ताभर तेच घोकत आले होते. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? –

"नाही गं. पोर्टलमध्ये काहीतरी गडबड झाली असणार. आत्ता सापडलं."

"अच्छा," ती म्हणाली. आणि परत मशिनमध्ये हात घातला.

वडील कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. वरून नमस्कार! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ सप्टेंबर

अर्ज दिला. 'तांत्रिक बिघाडामुळे विद्यार्थिनीचे पत्र वेळेत पोहोचले नाही, सबब निर्णयाचा फेरविचार व्हावा.' 'पोहोचले नाही' – किती निरुपद्रवी शब्द! कुणीच काही केलेलं नाही. पत्रानंच केलं.

संचालकांनी वाचून चष्मा काढला. "तीन वर्षांनी स्वतःहून कोण उकरतं असं? तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून संस्था चालतात."

चहाच्या वेळी सगळ्यांसमोर परत तेच. टाळ्या. एक नवी प्राध्यापिका तर म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडून शिकायचं." मी हसले. हसले! चोरी करून वर हार घालून घेतला.

१५ सप्टेंबर

निर्णय फिरला. बंदीची नोंद पुसली, निष्कलंक शेरा, पुन्हा प्रवेश. तिचं काम झालं. मग मला का बरं वाटत नाही?

१७ सप्टेंबर

कळलं, का ते.

तांत्रिक बिघाड म्हटलं की तो कोणाचा तरी असतो. किल्लीदाराला नोटीस गेली.

किल्लीदार म्हणजे आमच्या पोर्टलचा तंत्रज्ञ. सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याकडे, म्हणून हे नाव. अकरा वर्षं कंत्राटावर. बायको नर्स, दोन्ही मुली शाळेत. महिनाअखेर कंत्राट संपतंय आणि त्याच्या नूतनीकरणाची फाईल आता थांबवली आहे.

दुपारी आला. दारात उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, आपल्याकडे पत्रं हरवत नाहीत हो. अकरा वर्षांत एक नाही."

मी कागद खालीवर करत राहिले.

"कुणी कधी काय उघडलं याची नोंद दोन वर्षांनी आपोआप पुसली जाते. नाहीतर एका मिनिटात दाखवलं असतं. आता मी सिद्ध तरी कसं करू?"

आणि हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? सुटले! – हे. रोजनिशी, तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आधी सुटकेचा श्वास टाकला, त्याची कीव मागाहून आली.

"तुम्ही साहेबांशी एक शब्द बोलाल का?" तो म्हणाला. "तुमचं ऐकतात ते."

"बघते," म्हटलं. पुन्हा तेच. बघते!

१८ सप्टेंबर

त्याला टाळण्यासाठी मागच्या जिन्यानं गेले.

१९ सप्टेंबर

आजही.

२० सप्टेंबर

भाषण अखेर लिहिलं होतं. सकाळी दादानं लाल पेन घेऊन तपासायला घेतलं. तिसऱ्या पानावर थांबला. "हे काय लिहिलंयस? 'आपण यंत्राला दोष देतो, पण यंत्रामागच्या माणसाने ऐकायला हवे.' बरं आहे गं. तुझंच आहे ना?"

मला रडूच फुटलं. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, नाकातोंडातून पाणी, लहान मुलीसारखं. सगळं सांगितलं. पत्र, समिती, दुकान, किल्लीदार.

दादानं पेनाला टोपण लावलं. वाटलं, म्हणेल – जाऊ दे, मुलीचं भलं झालं ना. तसं म्हणावं अशी आशा होती, खोटं कशाला सांगू.

म्हणाला, "छापखान्यात खिळे जुळवताना झालेली चूक असती तर मी दुरुस्त केली असती, छोटे. ही मूळ प्रतीतली आहे. ती लेखकालाच सुधारावी लागते."

"सगळं जाईल रे दादा."

"काय जाईल? नाव? ते कोणाच्या जिवावर कमावतेयस सध्या?"

एवढं बोलून दूध उतू जातंय म्हणून धावला. गेलंच होतं उतू.

२१ सप्टेंबर

दिलं लिहून. अडीच ओळी.

'पत्र वेळेत पोहोचले होते. मी ते त्याच दिवशी वाचले आणि उत्तर दिले नाही. तांत्रिक बिघाड झाला नव्हता, तो माझा खोटेपणा होता.'

संचालकांनी दोनदा वाचलं. दार लावून घेतलं. "कशाला हे? मुलीचं काम झालंय. त्या माणसाला दुसऱ्या विभागात बसवू. सव्वीस तारीख तोंडावर आलीये – पाहुण्यांना काय सांगू मी?"

"कंत्राट त्याचं इथंच वाढवा. त्याची चूक नाही."

"आणि तुमचं काय?"

"ते तुम्ही ठरवा."

आवाज लटपटला नाही. तेवढ्यात हेही मनात आलं – किती धीटपणे बोलतेय मी! शाबासकीची सवय काही सुटत नाही.

प्रती समितीला आणि किल्लीदाराला. एक तिला पाठवली, सोबत माफी.

किल्लीदाराला स्वतः जाऊन सांगितलं. त्यानं कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. आभार मानले नाहीत. बरं झालं. फक्त म्हणाला, "चार दिवस झोपलो नाही मी." आणि पडद्याकडे वळला.

२२ सप्टेंबर

सन्मान 'पुढे ढकलला' आहे. समितीचं अध्यक्षपद काढून घेतलं. पुढे चौकशी होईल. चहाच्या वेळी माझ्या टेबलापाशी कुणी आलं नाही. नव्या प्राध्यापिकेनं लांबून मान हलवली, मग भलतीकडे बघू लागली.

किल्लीदाराची फाईल सुटली.

निबंध मागे घेत असल्याचं संपादकांना कळवलं. संध्याकाळी हलकं वाटलं. दादाबरोबर जेवले, दोनदा वाढून घेतलं. चला, आता लपवायला काही उरलं नाही. जे फक्त मला ठाऊक होतं, ते सगळ्यांना कळलं.

२४ सप्टेंबर

तिचं उत्तर आलं. पोर्टलवरून तेव्हाच छापून घेतलेल्या कागदाचा फोटो. वर तिचं ते पत्र, खाली माझं नाव, त्यापुढे : 'वाचले – सकाळी ११.०७.' आणि तिच्या चार ओळी –

"सुनावणीला हा कागद माझ्या हातात होता, मॅडम. तुम्ही म्हणालात, आता नवीन कागद घेता येणार नाहीत. दुकानात आलात तेव्हा तो खणात होता. म्हणून विचारलं."