खिंडीत सापडलेला कांदा

मायले नीलमचा जय भीम.

मी बरी हाय, जेवण भेटते. भातकुलीत ऊन लय तापून राहिलं असन, तू दुपारी बाहेर निघू नोको. बाबा गोळ्या घेतेत ना?

तुह्या लेकाचा, प्रीतमचा, अजून पत्ता नाही. तो ज्या वाटेनं गेला, ती पहाडाले फेरा मारून मी थांबली त्याच गावात परत येते. बर्फ पडला अन् शोधणारे वापस आले. म्या त्यायचे पाय धरले, पण कोणी ऐकलं नाही.

काल एका मेंढपाळानं वरच्या खिंडीत सापडलेला कांदा दाखवला. इकडं एवढ्या वर कांदा कोण आणते, म्हणे. म्या लगेच ओळखलं. ऊन लागू नये म्हणून निघताना तू प्रीतमच्या खिशात टाकला होता ना, तोच. म्हणजे तो खिंडीपर्यंत तरी पोचला.

उद्या मेंढपाळासंगं मी उलट्या बाजूनं फेरा धरतो. पहिला मुक्काम नदीपाशी, मंग खिंड. प्रीतम येत असन तर समोरच भेटन. त्याच्यासाठी तुह्या हातचे धपाटे बांधून घेतले हायेत. घोर नोको करू.

पण माय, घरी आल्याबिगर तो तुहा कांदा खिशातून काढत नाही. मंग हा बाहेर कसा आला?

तुही पोरगी,
नीलम