चौथ्याला आत घेतलं त्याची हकिकत

चि. शुभंकर,

शालनमावशीचे भरपूर आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? बेंगळुरूचं पाणी मानवतंय ना? तुझी आई विश्रांतवाडीला माझ्याकडे आली आहे आणि मजेत आहे. (तिचा चष्मा माझ्या सोफ्यावर ठेवून तीच त्यावर बसली, तो दुरुस्तीला दिलाय. सोफ्याला काही झालं नाही.)

तर ऐक. मी प्रोग्रॅम लिहिला. हसू नकोस. आमच्या सोसायटीत टँकर आधी कोणत्या इमारतीला, यावरून रोज भांडणं होतात. मी सेक्रेटरी, म्हणून ज्येष्ठांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकलेलं सगळं पणाला लावून पाळ्या ठरवणारा प्रोग्रॅम केला आणि रविवारच्या सभेत दाखवते म्हणून जाहीर करून बसले. पोपटरावांनी ('पाळ्या लिहायला फळा पुरे' म्हणणारे, माझ्या पदावर टपलेले) मुद्दाम पुढची खुर्ची धरली. प्रोग्रॅम चालला नसता तर पद गेलंच होतं.

सभागृहातला कॉम्प्युटर कोरा, त्यामुळे सगळं तिथेच, भल्या मोठ्या पडद्यावर बसवावं लागलं. आता हे तुला सांगायला नको (पण सांगणारच, मला आता येतं): आपण दुसऱ्यांनी लिहिलेली दोन पॅकेजं, म्हणजे तयार प्रोग्रॅम, मागवायची, ती आपले सोयरे घेऊन येतात, सोयऱ्यांचेही सोयरे येतात. लग्नात नाही का, एका पत्रिकेवर सगळी गल्ली जेवते. त्यातले काही तर आल्या आल्या स्वतःची स्क्रिप्ट चालवू म्हणतात, म्हणजे आपल्या घरात त्यांची मांडामांड. पडद्यावर प्रश्न आला, या चौघांना परवानगी द्यायची का?

मी कोण, तर गेटवर गॅसवाल्याला ओळखपत्र मागणारी बाई. पण उत्साहात माणूस वाहवतो. चौघांनाही हो म्हटलं. चौथं पॅकेज नुसतं तारखा मराठी आकड्यांत दाखवणारं. त्याला कसली आलीय मांडामांड, हे विचारायचं सुचलंच नाही.

तिघांनी निमूट काम केलं. चौथ्याने पडद्यावर पाटी लावली, की हे पॅकेज लिहिणाऱ्याची नोकरी गेली आहे, आपल्याकडे काम असल्यास कृपया कळवा. पोपटरावांनी ती खणखणीत आवाजात वाचली आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाई, यांची गेटवर नोंद केलीत का?" सभा हसली, मी पुढचं बटण दाबलं.

आणि मग प्रोग्रॅम चालला, शुभंकर. पाळ्या मराठी तारखांसकट पडद्यावर आल्या, बी इमारतीने चक्क टाळ्या वाजवल्या. मी अजून जमिनीवर आलेले नाही. पोपटराव फळा घेऊन घरी गेले.

तुझी,
प्रोग्रॅमर मावशी

ता. क. पाटीखाली बारीक अक्षरात लिहिणाऱ्याचं नाव होतं. तुझं. तुझ्या बढतीचे पेढे अजून माझ्या फ्रिजमध्ये आहेत. वाईट वाटलं रे, आणि रागही आला, एवढं एकट्याने कशाला सोसलंस? ते पॅकेज आता सोसायटीत ज्याचा कॉम्प्युटर हाती लागेल त्यावर मी बसवते आहे.

ता. क. २ पोपटरावांची मुलगी पूर्वा खराडीच्या एका कंपनीत माणसं नेमते. माझा भाचा म्हणून कळल्यावर पोपटरावांनी आपणहून तुझा नंबर नेला. ती फोन करेल, नीट बोल. (आता त्यांच्याशी भांडायचं कसं, हा माझा प्रश्न.)

ता. क. ३ आईला तूच सांग. पाटीखालचं बारीक काय आहे असं तिने सभेत विचारलं, तेव्हा मी 'अटी लागू' म्हणून सांगितलं. पण बहिणीचं कौतुक म्हणून तिने पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवलाय. चष्मा उद्या मिळतोय.