अनवाणी बँडची फाटाफूट

शुगर लँड, टेक्सस
रविवार

आदरणीय जगन्नाथदादा आणि शोभावहिनी,
सुभाषचा मनापासून जयभीम. दादा, तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? (माझं विचारू नका. आमच्या गावाच्या नावातच साखर, त्यामुळे डॉक्टर पत्ता वाचूनच ओरडायला लागतो.) फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देता का?

तर, आमची जागृती आणि तुमची इला यांचा बँड फुटला. इला आमचं घर सोडून नैना नावाच्या मैत्रिणीकडे राहायला गेली. ती इथे शिकायला आली तेव्हा 'पोरीला सांभाळीन' असा शब्द मी तुम्हाला दिला होता, म्हणून सगळी हकीकत माझ्याकडूनच ऐका.

या संगीताला शूगेझ म्हणतात, म्हणजे आपल्याच बुटांकडे बघत राहणं. गिटारवाल्यांच्या पायाशी आवाज बदलायची बटणं असतात, ती पायाने दाबायची आणि खाली मान घालून गायचं. आवाज इतका दाट की शब्द एक कळेल तर शपथ. कांता आधी खूश होती, पोरी किती विनयशील म्हणून! गॅरेजमध्ये त्या दोघी आणि ड्रम बडवायला वेस्ली नावाचा गोरा पोरगा. बँडचं नाव 'ह्युमिडिटी' (ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात दुसरं काय सुचणार?). पण कांताचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, चपला दाराबाहेर. गॅरेज झालं म्हणून काय झालं? त्यामुळे सगळे अनवाणी. वेस्लीच्या मोज्यातून अंगठा डोकावायचा, तर हिने त्याला माझेच नवे मोजे देऊन टाकले.

एकदा वहिनींना पाठवायला कांताने व्हिडिओ काढला. हात अवघडला, फोन खाली आला आणि सगळ्या व्हिडिओत फक्त पाय आले. जागृतीने तो तसाच इंटरनेटवर टाकला. झालं! लोक वेडे झाले. अनवाणी पाय बघून म्हणे त्यांना रडू आलं, काय हा साधेपणा! (साधेपणा कसला, कांताची धास्ती.) लगेच ऑस्टिनच्या एका क्लबचं बोलावणं आलं. सामान लादून मीच ड्राइव्ह केलं.

तिथलं स्टेज बिअरने चिकट, वर काचेचे तुकडे. इलाने बूट घातले. जागृती म्हणाली, अनवाणी हीच आपली ओळख, बूट घालायचे तर मी गाणार नाही. इला म्हणाली, पाय माझा आहे. कार्यक्रम कॅन्सल झाला आणि पार्किंगमध्ये जी जुंपली! बँडच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दोघींचे शब्द स्पष्ट ऐकू आले.

दादा, घर अगदी खायला उठतं हो. मी जागृतीला मैत्रीभावनेवर चांगलं भाषण दिलं, तर तिने मध्येच हेडफोन लावले. काही विचारलं की "आय ॲम फाइन, बाबा." फाइन कसली, डोळे सुजलेले. वेस्ली अजूनही दर शनिवारी येतो, बूट काढतो, पोहे खातो, गॅरेजमध्ये एकटाच बसतो आणि जातो. चूक कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही, आणि म्हणूनच मिटत नाही. सख्ख्या बहिणींसारख्या पोरी, एका तव्यावरची पोळी भांडून खाणाऱ्या. इलाला रागावू नका. मीही तुमच्याकडे काही मागत नाही, फक्त कानावर घातलं.

तुमचा,
सुभाष

ता. क. रत्नामावशी पुढच्या महिन्यात ह्यूस्टनला लेकीकडे येतायत ना? त्यांच्याबरोबर एक सतरंजी पाठवा. आपण जयंतीच्या कार्यक्रमाला स्टेजवर अंथरतो तसली, जाड. स्टेजवर सतरंजी घातली की काच नाही, बिअर नाही, बूट काढायला कुणाची हरकत नाही. (अक्कल कांताची. मी इंजिनियर असून सुचलं नाही.)

ता. क. २ कांता आत्ता सांगते की इला तिला रोज फोन करून 'जागृती जेवली का' विचारते. आणि जागृती जेवताना विचारते, 'इलाचा फोन आला का.' या घरात मला कुणी काही सांगत नाही.

ता. क. ३ सामानात बसत नाही म्हणून मावशी दोन लहान सतरंज्या न्यायला बघतील. ऐकू नका. एकच मोठी पाठवा. दोन पाठवल्यात तर दोघी आपापली उचलून चालू पडतील.